पुकारा थेट ब्राउझरमध्ये: सर्व्हरकडून ताजी खबर कशी येते

आजचा भाग मी चंडीगढच्या सेक्टर 43 पासून सुरू करतो. या सेक्टरमध्ये दोन मोठ्या जागा आहेत. एक, आंतरराज्य बस स्थानक, जिथून पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडच्या गाड्या सुटतात. दुसरी, जिल्हा न्यायालयाचं संकुल. दोन्ही ठिकाणी बहुतेक माणसं एकच काम करत असतात: वाट बघत असतात. गाडी कधी लागते, आपला पुकारा कधी होतो.

आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांबरोबर मी तिथल्या व्हरांड्यात एक सकाळ काढली. भाडेकरूचा दावा होता. अकरा वाजता मी म्हटलं, "चला साहेब, खाली जाऊन चहा घेऊ." ते हलले नाहीत. म्हणाले, "सर, तेवढ्यात आवाज पडला तर?" आपण महाराष्ट्रात 'पुकारा झाला' म्हणतो, इकडे 'आवाज पडला' म्हणतात. भीती मात्र एकच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नुसार पुकाऱ्याला वादी हजर नसेल तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, आणि प्रतिवादी नसेल तर एकतर्फी सुनावणी होऊ शकते. पुढे अर्ज करून, सबळ कारण दाखवून तो पुन्हा उभा करता येतो, पण त्यात महिने जातात. एका कप चहाची ही किंमत.

त्यांच्या खिशात स्मार्टफोन होता. मग त्या फोननेच 'आता तुमच्या आधी दोन प्रकरणं आहेत' असं का सांगू नये? आजचा विषय हाच. सर्व्हरवर काही घडलं की ते लगेच माणसाच्या ब्राउझरमध्ये कसं पोहोचवायचं?

तारीख आणि पुकारा, दोन वेगळ्या गरजा

ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली देशभरची जिल्हा न्यायालयं जी खटला-नोंद प्रणाली वापरतात, ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची पुढची तारीख घरबसल्या दिसते. ही माहिती दिवसातून एकदा पाहिली तरी पुरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणखी एक पान आहे: कोणत्या कोर्टात आता कितवं प्रकरण चालू आहे हे दाखवणारा फलक. ही माहिती क्षणाक्षणाला बदलते. दहा मिनिटं जुना फलक उपयोगाचा नाही, उलट धोक्याचा आहे.

आपण आपला एक काल्पनिक फलक बांधू. हजार माणसं आपापल्या फोनवर एकेका कोर्टाचा क्रमांक पाहत आहेत, आणि प्रत्येक कोर्टाचा क्रमांक साधारण पाच मिनिटांनी बदलतो.

वेबची मूळ सवय

वेब चालतं ते विचारणा आणि उत्तर या पद्धतीने. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, विषय संपला. सर्व्हर स्वतःहून ब्राउझरला हाक मारू शकत नाही. तुमचा फोन घरच्या राउटरच्या किंवा मोबाइल कंपनीच्या जाळ्याच्या आत बसलेला असतो. बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता बहुधा त्याला नसतो. आणि तसा पत्ता असता तर कोणत्याही संकेतस्थळाने केव्हाही दार ठोठावलं असतं, तेही आपल्याला नको. म्हणून पुढच्या सगळ्या पद्धतींमध्ये एक गोष्ट समान आहे: सुरुवात ब्राउझरकडूनच होते.

पहिली पद्धत: सारखं विचारत राहणं

याला पोलिंग म्हणतात. ब्राउझर दर पाच सेकंदांनी विचारतो, "काही नवं?" सर्व्हर म्हणतो, "नाही."

हिशेब करू. हजार माणसं, दर पाच सेकंदांनी एक विचारणा, म्हणजे सेकंदाला 200 विचारणा. पाच मिनिटांत 60,000. या पाच मिनिटांत प्रत्येकाला कळण्यासारखी बातमी एकच होती. म्हणजे 1,000 उत्तरं कामाची आणि 59,000 उत्तरं 'नाही' अशी. सर्व्हर आणि डेटा दोन्ही खर्च होतात आणि फोनची बॅटरीही उतरते.

तरीही पोलिंगला हसू नका. पाहणारी माणसं पन्नास असतील आणि अर्ध्या मिनिटाचा उशीर चालत असेल, तर हीच पद्धत घ्या. तिचा एक मोठा गुण आहे: प्रत्येक फेरी नवी असल्यामुळे तार तुटली की पुढच्याच फेरीला कळतं. हा गुण लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दुसरी पद्धत: उत्तर रोखून धरणं

लाँग पोलिंगमध्ये ब्राउझर विचारतो, पण सर्व्हर 'नाही' म्हणत नाही. तो गप्प राहून विचारणा हातात धरून ठेवतो. क्रमांक बदलला की उत्तर देतो. ब्राउझर ते घेतो आणि लगेच दुसरी विचारणा टाकतो. 2006 च्या सुमारास या आणि अशा युक्त्यांना 'कॉमेट' हे नाव पडलं. जुन्या गप्पांच्या खिडक्या याच जोरावर चालत. बातमी लगेच पोहोचते, पण प्रत्येक बातमीमागे नवी विचारणा करावी लागते, आणि एक उत्तर घेऊन दुसरी विचारणा जाईपर्यंतच्या फटीत काही घडलं तर ते सांभाळणं आपल्याच डोक्यावर येतं.

तिसरी पद्धत: उत्तर संपवायचंच नाही

सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, थोडक्यात एसएसई. माझ्या मते आपल्या फलकासाठी हीच योग्य. ब्राउझर एकदाच विचारतो. सर्व्हर उत्तर सुरू करतो, पण संपवत नाही. जोडणी उघडी राहते आणि जसं घडेल तसं एकेक ओळ येत राहते. ब्राउझरच्या बाजूला यासाठी 'इव्हेंटसोर्स' नावाची तयार सोय आहे; दोन-तीन ओळींत काम होतं. सगळ्या आधुनिक ब्राउझरमध्ये ती आहे.

सर्व्हरकडून येणारा मजकूर साधा असतो. व्हिडिओत दाखवलेला नमुना इथे देवनागरीत देतो. प्रत्यक्ष कोडमध्ये डावीकडचे शब्द इंग्रजी लिपीत असतात.

आयडी: 118
इव्हेंट: क्रमांक
डेटा: कोर्ट 5, प्रकरण 23

त्याखाली एक कोरी ओळ. कोरी ओळ म्हणजे 'निरोप पूर्ण झाला'. ती विसरलात तर ब्राउझर निरोप देतच नाही. नवशिक्यांचा अर्धा दिवस इथेच जातो.

यातली 'आयडी' ही ओळ फौजेत काम केलेल्या माणसाला लगेच पटेल. आमच्याकडे प्रत्येक निरोपाला क्रमांक असे. 117 नंतर 119 आला की ऑपरेटर विचारणारच, 118 कुठे आहे? एसएसईमध्येही तसंच. जोडणी तुटली तर ब्राउझर काही सेकंदांनी स्वतःहून पुन्हा जोडतो आणि सोबत सांगतो, "माझ्याकडे 118 पर्यंत आलं आहे." सर्व्हरने 119 पासून पुढचं द्यायचं. पण हे आपोआप होत नाही हं. ब्राउझर फक्त क्रमांक कळवतो. मागचे निरोप जपून ठेवणं आणि पुन्हा देणं हे सर्व्हरवर तुम्हालाच लिहावं लागतं. आपल्या फलकाला तर मागचे सगळे निरोपही नकोत, आताची स्थिती पुरते. म्हणून जोडणी होताच आधी पूर्ण फलक पाठवा आणि मग फक्त बदल.

तीन अडचणी आधीच सांगून ठेवतो. एक, मध्ये एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी असेल तर तो ओळी साठवून एकदम देऊ शकतो. त्याची ही साठवण एसएसईच्या मार्गापुरती बंद करा. दोन, जुन्या एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका संकेतस्थळाशी साधारण सहाच जोडण्या उघडतो. कुणी सात टॅब उघडले तर सातवा अडकतो. एचटीटीपी 2 वापरलंत की हा प्रश्न सुटतो. तीन, इव्हेंटसोर्सला ओळखीचं टोकन हेडरमध्ये घालता येत नाही. कुकी वापरा. टोकन पत्त्याच्या ओळीत टाकू नका, कारण ती ओळ सर्व्हरच्या नोंदवहीत उघडी राहते.

चौथी पद्धत: दोन्ही बाजूंनी बोलणं

वेबसॉकेट. याचं प्रमाणपत्रक, म्हणजे आरएफसी 6455, डिसेंबर 2011 मध्ये आलं. ब्राउझर साधी विचारणा करतो आणि म्हणतो, 'आपण बोलण्याची रीत बदलू या.' सर्व्हर 101 या आकड्याने होकार देतो. त्यानंतर त्याच तारेवर दोघंही हवं तेव्हा बोलू शकतात. गप्पा, ऑनलाइन खेळ, लिलाव, अनेकांनी मिळून एकच दस्तऐवज लिहिणं, यांसाठी हे हवंच.

पण आपला फलक एका दिशेचा आहे. पक्षकार फलकाला काही सांगत नाही. वेबसॉकेटमध्ये तुटल्यावर पुन्हा जोडणं आणि निरोपांचे क्रमांक सांभाळणं हे सगळं तुम्हाला लिहावं लागतं किंवा एखादी लायब्ररी आणावी लागते. नवं म्हणून घेऊ नका, गरज असेल तर घ्या.

पाचवी: पान बंद असतानाची हाक

वरच्या चारही पद्धती पान उघडं असेपर्यंतच. सुभेदारसाहेबांनी फोन कुलूप लावून खिशात टाकला की बहुतेक फोन ते पान झोपवतात. तेव्हा लागतो वेब पुश. यात ब्राउझरमध्ये 'सर्व्हिस वर्कर' नावाची एक छोटी फाइल पडद्यामागे नोंदवलेली राहते. तुमचा सर्व्हर निरोप थेट फोनला देत नाही. तो ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या पुश सेवेकडे देतो, ती फोनला देते आणि फोन सर्व्हिस वर्करला जागं करतो. निरोप कूटबद्ध असतो, त्यामुळे मधल्या सेवेला मजकूर वाचता येत नाही. आयफोनवर ही सोय मार्च 2023 मध्ये, आयओएस 16.4 पासून आली, आणि तीही ते संकेतस्थळ होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच.

प्रत्येक पुश निरोपाला आयुष्य ठरवून द्यावं लागतं, सेकंदांत. फोन बंद असेल तर पुश सेवा तेवढा वेळच निरोप सांभाळते. 'तुमचा पुकारा होत आहे' या निरोपाचं आयुष्य दोन-तीन मिनिटं ठेवा. दिवसभराचं ठेवलंत तर संध्याकाळी फोन चालू केल्यावर तो वाजेल आणि माणूस बंद कोर्टाकडे धावेल. याउलट 'पुढची तारीख बदलली' हा निरोप दिवसभर टिकला तरी चालेल.

आणि परवानगी दारातच मागू नका. पान उघडताक्षणी 'सूचना पाठवू का?' विचारलं की लोक 'नाही' दाबतात आणि मग ते बदलणं त्यांना जमत नाही. 'माझा क्रमांक जवळ आला की कळवा' असं बटण ठेवा. ते दाबल्यावर विचारा.

माझी चूक

आता जे सांगतो ते पुस्तकात सहसा नसतं. मी ते चुकून शिकलो.

निवृत्तीनंतर हौसेनं शिकलेल्या कोडच्या जोरावर मी एका धर्मादाय दवाखान्यासाठी टोकनचा फलक बनवून दिला होता. भिंतीवरचा टीव्ही, त्यात ब्राउझर, एसएसईची जोडणी. बाई आत 'पुढचा' दाबायच्या आणि बाहेर आकडा बदलायचा. महिनाभर उत्तम चाललं. मग एके दिवशी एक रुग्ण आत बराच वेळ होता. पंचवीसेक मिनिटं एकही निरोप गेला नाही. मधल्या एका राउटरने ही गप्प जोडणी संपली असं समजून आपल्या यादीतून काढून टाकली. सर्व्हरला वाटलं तार आहे. टीव्हीला वाटलं तार आहे. बाईंनी 24 दाबलं, 25 दाबलं, 26 दाबलं. टीव्ही 23 वरच.

26 नंबरच्या आजी गावाहून बसने आल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणूनच तर फलक हवा होता. आतून हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही. त्या तासभर त्या 23 कडे बघत बसल्या. डॉक्टर निघून गेल्या. मला बोलावणं आलं तेव्हा आजी अजून तिथेच होत्या. मला म्हणाल्या, "पुत्तर, बोर्डवर तर तेवीसच होतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फलकावर विश्वास ठेवला एवढंच त्यांनी केलं होतं. फलक नसता तर त्यांनी शेजारच्याला विचारलं असतं.

वायरलेस सेटवर हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. सेट शांत आहे याचे दोन अर्थ होतात: सांगण्यासारखं काही नाही, किंवा तार मेली आहे. दोन्हींचा आवाज सारखाच, म्हणजे काहीच नाही. म्हणून ठरावीक वेळाने 'रेडिओ चेक' करायचा. मला हे तीस वर्षं माहीत होतं, आणि कोड लिहिताना मी ते विसरलो.

दुरुस्ती

त्या आठवड्यात मी पाच गोष्टी बदलल्या. त्या क्रमाने सांगतो.

पहिली, ठोका. काही घडो न घडो, सर्व्हर दर 15 सेकंदांनी काहीतरी पाठवतो. इथे एक बारीक खाच आहे. एसएसईमध्ये विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी. जोडणी जागी ठेवायला बरेच जण तीच पाठवतात. मधले राउटर आणि प्रॉक्सी त्याने शांत राहतात हे खरं. पण ब्राउझर ती ओळ गिळून टाकतो, तुमच्या कोडपर्यंत ती येतच नाही. त्यामुळे तार मेली हे पानाला कळणार नाही. म्हणून ठोका हा खराखुरा निरोप म्हणून पाठवा.

दुसरी, पानाचं घड्याळ. 45 सेकंदांत, म्हणजे तीन ठोक्यांच्या वेळेत, काहीच आलं नाही तर पान स्वतः जुनी जोडणी बंद करून नवी उघडतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: फलकाने खरं सांगणं. आकड्याखाली 'शेवटची खबर 11:42' अशी ओळ. ठोके थांबले की आकडा राखाडी होतो आणि वर मोठ्या अक्षरात येतं: 'संपर्क तुटला आहे, खिडकीवर विचारा.' हे लिहायला मला आधी कमीपणा वाटला होता. आपला फलक बिघडला हे आपणच कशाला जाहीर करायचं? पण तुटलेला फलक माणसाला उठवून खिडकीकडे पाठवतो. थिजलेला फलक त्याला बसवून ठेवतो.

चौथी, जागं झाल्यावर ताजी स्थिती. फोनचं कुलूप उघडून पान पुन्हा समोर आलं की ब्राउझर तसं कळवतो. त्याच क्षणी पूर्ण फलक पुन्हा मागवा. आतला जुना आकडा क्षणभरही खरा म्हणून दाखवू नका.

पाचवी, पांगापांग. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की हजार फोन एकाच सेकंदाला दारात उभे राहतात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा पडतो. म्हणून प्रत्येकाने पुन्हा जोडण्याआधी वेगवेगळा, चिठ्ठी टाकल्यासारखा वेळ थांबावं: कुणी 2 सेकंद, कुणी 9. पुन्हा अपयश आलं तर थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा. तोफगोळ्याच्या टप्प्यात जवान अंतर ठेवून का चालतात, तेच इथे.

सर्व्हरच्या बाजूचं थोडं

हजार उघड्या जोडण्या म्हणजे मोठा सर्व्हर लागेल असं वाटतं. तसं नाही. गप्प जोडणीला थोडी स्मृती लागते, प्रोसेसर जवळजवळ लागत नाही. मात्र प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र कामगार अडकवणारी जुनी रचना नको. नोड, गो किंवा पायथनची असिंक रचना घ्या. सर्व्हर दोन झाले तर प्रश्न येतो: 'पुढचा' दाबल्याची खबर पहिल्याला मिळाली, पण अर्धे लोक दुसऱ्याशी जोडलेले आहेत. त्यासाठी मध्ये रेडिससारखा दवंडी पिटणारा ठेवतात. खबर त्याला द्यायची, तो सगळ्या सर्व्हरना ओरडून सांगतो. पण दवंडीच्या वेळी जो सर्व्हर हजर नव्हता त्याला ती पुन्हा मिळत नाही. म्हणून खरा क्रमांक नेहमी डेटाबेसमध्ये लिहा. दवंडी फक्त 'बदल झाला, बघा' एवढ्यासाठी.

आणि सार्वजनिक फलकावर प्रकरण क्रमांक पुरतो. पक्षकारांची नावं, आजारांची नावं तिथे नकोत.

घरचा अभ्यास

एवढं ऐकून तुम्ही फलक बांधलात तर लोकांसमोर ठेवण्याआधी एक चाचणी करा. फलक चालू ठेवा. फोनचं वायफाय बंद करू नका. ते ब्राउझरला बहुधा लगेच कळतं आणि चाचणी फसवी होते. राउटरला बाहेरून येणारी तार काढा, म्हणजे वायफायची खूण दिसत राहील पण पलीकडे काही नसेल. आता घड्याळ लावून बसा. एका मिनिटात फलकाने स्वतःहून 'संपर्क तुटला' म्हटलं तर पास. आकडा तसाच दिमाखात उभा राहिला तर अजून काम बाकी आहे.

सुभेदारसाहेबांचा पुकारा त्या दिवशी पावणेएकला झाला. पुढची तारीख मिळाली. मग आम्ही खाली जाऊन चहा घेतला.

पुढच्या भागात वेब पुशच्या किल्ल्या आणि त्यांची कूटबद्धता सविस्तर पाहू. जय हिंद.